उंदराचं वय किती? घरात सगळ्यांनी मिळून वाचायच्या प्राण्यांच्या साहसकथा

रानवाट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा विषय आहे, म्हणून स्वतंत्र धागा काढतेय.

घरात सगळ्यांनी मिळून ऐकायचं पुस्तक निवडताना एक अडचण हमखास येते. नायक दहा वर्षांचा असेल तर पाच वर्षांच्या धाकट्याला तो फार मोठा वाटतो आणि तेरा वर्षांच्या ताईला फार लहान. हे पुस्तक आपल्यासाठी नाही असं ती दोन पानांत ठरवते आणि मोबाइल घेऊन आतल्या खोलीत निघून जाते. नायक मोठा माणूस असला तर मुलं ऐकतात, पण पाहुण्यांच्या गप्पा ऐकावं तशी, अर्ध्या कानाने.

प्राण्यांच्या साहसकथेत ही अडचण येतच नाही. गोष्टीतल्या उंदराचं वय किती असतं? कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सांगता येणार नाही. त्याचं स्वतःचं बीळ असतं, पोटापाण्याचं तो स्वतः बघतो, रात्री बाहेर पडायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणजे मोठा माणूसच की. पण त्याच वेळी जगातली झाडून सगळी वस्तू त्याच्यापेक्षा मोठी असते, कुठल्याच कडीला त्याचा हात पोचत नाही, आणि त्याला न विचारता कुणीही त्याच्या घराची उलथापालथ करू शकतं. म्हणजे मूल. ही दोन्ही माणसं एकाच अंगात नांदतात, म्हणून घरातला प्रत्येकजण त्याला 'हा माझ्यासारखा' म्हणू शकतो. या गोष्टी एकत्र वाचनाला इतक्या लागू पडतात त्याचं माझ्या मते हेच खरं कारण. 'मुलांना प्राणी आवडतात' हे उत्तर मला अपुरं वाटतं. तेवढंच असतं तर वाचून दाखवणारी मोठी माणसं तिसऱ्या प्रकरणात कंटाळली असती.

'द विंड इन द विलोज' (१९०८) घ्या. केनेथ ग्रॅहम यांनी यातला भाग आधी आपल्या मुलाला झोपताना सांगितला, मग पत्रांतून लिहून पाठवला. त्यातले मोल (चिचुंदरीसारखा, बीळ खणणारा प्राणी), पाणउंदीर, बॅजर (बिज्जूसारखा प्राणी) आणि बेडूक ही मुलं आहेत की बिनलग्नाचे प्रौढ? त्यांना शाळा नाही, ऑफिसही नाही. घरं आहेत, होड्या आहेत. बेडूक मोटार चोरतो आणि चक्क तुरुंगात जातो. गुन्हा मोठ्यांचा आणि हट्ट पूर्णपणे चार वर्षांच्या मुलाचा! माणसाचं पात्र असतं तर लेखकाला काहीतरी एक ठरवावं लागलं असतं.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते. 'मिसेस फ्रिस्बी अँड द रॅट्स ऑफ निम्ह' वाचत होतो. रॉबर्ट सी. ओब्रायन यांचं १९७१चं पुस्तक, पुढच्या वर्षी त्याला न्यूबेरी पदक, म्हणजे बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार, मिळालं. नायिका आहे एक विधवा उंदरीण, चार पोरांची आई. थंडीपुरतं घर शेतकऱ्याच्या बागेत आहे, नांगरणी जवळ आलीय, आणि धाकट्याला न्यूमोनिया झालाय. घर हलवलं तर थंडीने पोरगा जाईल, नाही हलवलं तर नांगराने सगळेच जातील. सल्ला विचारायला ती कुणाकडे जाते? घुबडाकडे. उंदीर खाऊन जगणाऱ्या घुबडाकडे, संध्याकाळी, त्याच्या ढोलीत.

तिथे आमच्याकडे सगळे चिडीचूप झाले. नवरा इतका वेळ आपलं काम करत बसला होता, तो मान वर करून म्हणाला, "पण ही गेलीच कशाला?" आणि आमचा धाकटा त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "तिला विचारायला दुसरं कुणी नाहीये ना, बाबा." बापाला लेकाने समजावून सांगितलं, आणि सांगण्यात जराही शेखी नव्हती. आईची कुचंबणा त्याला पूर्ण कळली होती. हीच गोष्ट दोन खोल्यांत राहणाऱ्या एखाद्या विधवेची असती तर त्याला ती इतकी कळली असती का? मला नाही वाटत.

तुमच्याकडे काय अनुभव आहेत? विरोधी मतंही हवी आहेत.

बोरू

उंदराच्या वयाचा मुद्दा एकदम पटला. वाचनखूण साठवली आहे, सविस्तर नंतर लिहितो.

मधला कप्पा

लेख आवडला. विरोधी मत मागितलंय म्हणून लिहितो.

टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची गोष्ट वाचून दाखवली. काहींना ती माणसांच्या चित्रांसह, काहींना तीच गोष्ट माणसांसारखे कपडे घातलेल्या प्राण्यांची. गोष्टीच्या आधी आणि नंतर मुलांनी आपले स्टिकर दुसऱ्या मुलासाठी किती ठेवले ते मोजलं. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं नंतर जास्त स्टिकर द्यायला लागली. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांमध्ये ती वाढ दिसली नाही.

म्हणजे 'हा माझ्यासारखा' असं मुलांना वाटतं हे तुम्ही म्हणता, पण प्रयोगात तर ते वाटलेलं दिसत नाही. आणि प्राण्यांच्या तोंडून काही सांगायचंच असेल तर पंचतंत्र आहेच. दोन पानांत गोष्ट, शेवटी नीती, विषय संपला. त्यासाठी 'वॉटरशिप डाउन' कादंबरीतले चारशे पानांचे ससे कशाला हवेत?

काजवा

@मधला कप्पा, चारशे पानांचे ससे याच कामासाठी हवेत, की ते ससे असतात! प्रयोगातल्या पुस्तकात प्राण्याच्या अंगावर नुसते कपडे होते. त्याच्या जागी माणूस टाकला तर गोष्टीत एक शब्दही बदलावा लागत नाही, आणि प्रयोगासाठी तसंच पुस्तक लागणार. चांगल्या साहसकथेत हे जमणार नाही.

मी प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला या पुस्तकांत सगळ्यात जास्त रस कशात असेल तर प्राण्याच्या शरीरात. रानउंदराचं वजन वीसेक ग्रॅम असतं. गव्हाणी घुबडाचे दोन्ही कान डोक्यावर एका पातळीत नसतात, एक वर आणि एक खाली. त्यामुळे आवाज दोन्ही कानांना किंचित वेगळा पोचतो आणि गडद अंधारातही पाचोळ्याखालच्या उंदराची जागा त्याला अचूक कळते. त्याच्या पिसांच्या कडा मऊ झालरीसारख्या असल्याने झेप घेताना उंदराला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. आता सांगा, वीस ग्रॅमच्या जिवाने पाचोळ्यावरून दहा पावलं जाणं हे साहस आहे की नाही? राक्षस नको, जादूची तलवार नको. लेखकाने फक्त खरं काय आहे तेवढं सांगायचं.

म्हणून मला या प्रकारातली कल्पनारम्यता फार आवडते. लेखक सहसा एकच सवलत घेतो: प्राणी बोलतात. बाकी सगळे नियम खरे. केनेथ ओपेल यांच्या 'सिल्व्हरविंग' (१९९७) मध्ये वटवाघळाचं एक किरकोळ पिल्लू स्थलांतराच्या वाटेवर कळपापासून तुटतं. ते जगाचं चित्र आवाजाच्या प्रतिध्वनीतून बघतं. वटवाघळं खरोखरच अंधारात असाच मार्ग काढतात. लेखकाने तेवढं घेतलं आणि पुढे नेऊन त्यांच्या वाटा, आठवणी, जुन्या कथा सगळं आवाजातच गुंफलं. ते वाचल्यावर वर्गातली मुलं मला वटवाघळांबद्दल जे प्रश्न विचारतात ते पाठ्यपुस्तक वाचून कधीच विचारत नाहीत.

रानवाट

काजवा, तुमच्या प्रतिसादाने अर्धं काम केलंय, धन्यवाद. मधला कप्पा, तुम्ही दिलेला प्रयोग महत्त्वाचा आहे आणि मला तो मान्यही आहे. पण त्यात मोजलं काय? बोध किती पोचला ते. मी बोधाबद्दल बोलतच नाहीये. पाच वर्षांच्या मुलाने स्टिकर वाटावेत म्हणून मला गोष्ट वाचायची असती तर मी माणसांचीच निवडली असती.

नीतिकथेतला कोल्हा लबाड असतो कारण गोष्टीला एक लबाड हवा असतो. त्याच्या जागी लबाड कारभारी ठेवा, गोष्ट चालते. साहसकथेतल्या सशाचं तसं होत नाही. रिचर्ड अ‍ॅडम्स यांनी 'वॉटरशिप डाउन' आधी आपल्या दोन मुलींना मोटारीच्या लांबच्या प्रवासात तोंडी सांगितली, मुलींनी लिहाच म्हणून आग्रह धरला. लिहिल्यावर अनेक प्रकाशकांनी नाकारली आणि शेवटी १९७२ साली ती आली. सशांच्या वागण्याबद्दल त्यांनी आर. एम. लॉकली या निसर्गअभ्यासकाच्या पुस्तकाचा आधार घेतला होता. त्यातले ससे कपडे घालत नाहीत. धोका दिसला की मागचा पाय जमिनीवर आपटतात, खरे ससे आपटतात तसाच. त्यांना चारपर्यंतच मोजता येतं, त्यापुढचं सगळं 'पुष्कळ'. भीतीने गोठून जाणं, पळायचं कळत असूनही पाय न हलणं, यासाठी त्यांच्या भाषेत वेगळा शब्द आहे. मुलांना तो शब्द लगेच आपलासा वाटतो, कारण फळ्यासमोर उभं राहून त्यांचं तसं झालेलं असतं. मोठ्यांचंही होतं, आपण सांगत नाही एवढंच.

आणि पंचतंत्राबद्दल. मला वाटतं आपण पंचतंत्रावर अन्याय करतो, शेवटची ओळ तेवढी लक्षात ठेवून. दुसरं तंत्र, मित्रसंप्राप्ती, पुन्हा एकदा सावकाश वाचा. पारध्याच्या जाळ्यात कबुतरं सापडतात. त्यांचा राजा चित्रग्रीव सांगतो की सगळ्यांनी एकदम पंख मारा, आणि अख्खं जाळं घेऊन थवा उडतो. हिरण्यक नावाच्या उंदराच्या बिळापाशी उतरतात. हिरण्यक मित्राचे पाश कुरतडायला धावतो, तर चित्रग्रीव त्याला थांबवतो: आधी माझ्या सोबत्यांचे तोड. हीच गोष्ट हितोपदेशातही आहे, तिथे उंदीर म्हणतो, माझे दात नाजूक आहेत, सगळ्यांचे तोडेपर्यंत टिकतील न टिकतील, म्हणून आधी तुझे तोडतो. तरी राजा ऐकत नाही.

इथे जरा थांबून बघा. मागून पारधी येतोय, उंदराचे दात झिजणार आहेत, आणि राजा स्वतः अडकलेलाच आहे. ही सरळसरळ साहसकथा आहे! पुढे कावळा, कासव आणि हरीण येतात, आणि पुन्हा पारधी, पुन्हा सुटका. नीती त्यात आहे, पण ती उंदराच्या दातांतून आलीय. चित्रग्रीवाचं वय किती, हेही कुणी कधी विचारलेलं नाही.

मधला कप्पा

चित्रग्रीवाचा भाग मान्य. नाजूक दातांचा तपशील माझ्या लक्षातच नव्हता. मूळ काढून वाचतो.

तिन्हीसांज

रानवाट ताई, धागा फार आवडला. माझी अडचण वेगळी आहे. या पुस्तकांत मरण फार असतं. माझी लेक सात वर्षांची, स्वभावाने खूप हळवी. मागे एका पुस्तकात पिल्लाची आई मरते तिथे ती इतकी रडली की पुढे महिनाभर पुस्तकाला हात लावू देईना. मोठ्या मुलाला मात्र तेच पुस्तक पुरं करायचं होतं. अशा वेळी तुम्ही तो भाग गाळता का? की थोडा बदलून वाचता?

उंबरठा

तिन्हीसांज, मी आजोबा आहे, दोन पिढ्यांना वाचून दाखवलंय, म्हणून हक्काने सांगतो. बदलून वाचू नका. मुलं केव्हा ना केव्हा तेच पुस्तक स्वतः वाचतात, आणि तुम्ही वाचलेलं आणि छापलेलं वेगळं आहे हे कळलं की त्यांचा तुमच्या आवाजावरचा विश्वास जातो. ते नुकसान भरून येत नाही. आधी सांगावं, "पुढचं पान दुःखाचं आहे, आज वाचायचं की उद्या सकाळी?" निवड तिच्या हातात द्यावी. रात्री शेवटचं पान म्हणून तर ते कधीच वाचू नये. त्यानंतर गोष्टीत जे चांगलं घडतं तिथपर्यंत एका बैठकीत जाता येईल एवढा वेळ हाताशी ठेवावा.

पण मला मरणाबद्दल थोडं आणखी बोलायचंय. ई. बी. व्हाइट यांचं 'शार्लट्स वेब' (१९५२) बहुतेकांना माहीत असेल. शार्लट ही कोळीण डुकराच्या एका पिल्लाचा जीव वाचवते आणि शेवटी मरते. ती का मरते? कुणी मारत नाही, तिचं काही चुकलेलंही नसतं. त्या जातीची कोळीण शरद ऋतूत अंडी घालते आणि तिचं आयुष्य संपतं, इतकंच. व्हाइट यांनी लिहिण्याआधी कोळ्यांचा रीतसर अभ्यास केला होता आणि अंडी घातल्यावर शार्लटला जिवंत ठेवण्याची सवलत स्वतःला दिली नाही. पुढे हे पुस्तक स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करताना त्या जागी त्यांनाच रडू यायचं आणि तो भाग पुन्हा पुन्हा वाचावा लागला. लिहिणाऱ्याचीच ही गत, मग आपला आवाज कापला तर बिघडलं कुठे! मुलांना तो ऐकू द्यावा.

रानवाट वयाबद्दल म्हणतात त्याला जोडून एक सांगतो. माणसाचं अख्खं आयुष्य गोष्टीत बसवायचं तर साठ-सत्तर वर्षं लोटावी लागतात, मुलाला ती कळत नाहीत. कोळिणीचं आयुष्य एका उन्हाळ्यात मावतं. जन्म, उमेद, काम, थकवा, शेवट, आणि मग फुटणारी अंडी, हे सगळं मूल स्वतः अनुभवू शकेल एवढ्या काळात घडतं. माझ्या नातवाने पुस्तक संपल्यावर विचारलं, "तिला माहीत होतं का?" मी म्हटलं, हो. "मग ती घाबरली नाही?" यावर आम्ही दोघं बराच वेळ बोललो, आणि सगळं बोलणं कोळिणीबद्दलच होतं. माझं वय, माझं दुखणं यातलं काहीही त्यात आलं नाही, आणि तरी ते सगळं आम्ही बोललो असं मला वाटलं.

तिन्हीसांज

उंबरठा काका, मनापासून आभार. "आज की उद्या सकाळी" हे नक्की करून बघेन.

सांजवेळ नको

मी लहान असताना बाबा वाचून दाखवायचे, आता कॉलेजात आहे. एक गंमत सांगते. 'वॉटरशिप डाउन' लहानपणी ऐकली तेव्हा मी सतत फायव्हरबरोबर होते, ज्याला संकट आधीच जाणवतं आणि ज्याचं कुणी ऐकत नाही. गेल्या सुट्टीत पुन्हा वाचली तर मी पूर्ण वेळ हेझलबरोबर होते. तो सगळ्यात बलवान नाही, सगळ्यात हुशार नाही, फक्त कोण कशात चांगलं आहे हे त्याला नेमकं कळतं आणि तो थकलेल्यांसाठी थांबतो. बाबांना विचारलं तर म्हणाले, मी तेव्हाही हेझलबरोबरच होतो. म्हणजे एकाच सोफ्यावर बसून आम्ही दोन वेगळ्या सशांमागून चालत होतो, आणि पुस्तक एकच होतं.

शाईची दौत

सगळे कथानकाबद्दल बोलतायत, मी मोठ्याने वाचण्याबद्दल लिहिते. काही पुस्तकं डोळ्यांनी छान वाटतात पण तोंडाने वाचताना दम लागतो. या प्रकारातली बरीच पुस्तकं तोंडात छान बसतात, आणि 'रेडवॉल'च्या बाबतीत तर त्याचं कारणच सांगता येतं. ब्रायन जॅक्स लिव्हरपूलमध्ये दुधाची गाडी चालवायचे. तिथल्या अंध मुलांच्या शाळेत दूध पोचवता पोचवता ते मुलांना वाचून दाखवायला लागले. हाताशी असलेली पुस्तकं त्यांना पसंत पडेनात, म्हणून त्या मुलांसाठी त्यांनी स्वतः लिहिलं. १९८६ साली पहिलं पुस्तक आलं आणि मालिका बावीस पुस्तकांपर्यंत गेली. ऐकणाऱ्याला दिसत नाही हे धरून लिहिलेलं असल्याने त्यात वास, चवी, दगडाचा गारवा, घंटेचा नाद, प्रत्येक प्राण्याच्या बोलण्याची वेगळी ढब हे सगळं ठासून भरलंय. चित्रं नसलेलं पुस्तक ऐकायला नाखूश असलेल्या मुलांनाही ते धरून ठेवतं. आमच्याकडे मेजवान्यांची वर्णनं दोनदा वाचावी लागतात!

एक कळकळीची विनंती. वाचताना उंदरांसाठी चिरका, बोबडा आवाज काढू नका. तसा आवाज काढला की त्या उंदराला वय मिळतं, तीन वर्षं. मग रानवाट म्हणतात ती तेरा वर्षांची ताई उठून गेलीच म्हणून समजा. आपल्या नेहमीच्या आवाजात वाचावं आणि फरक वेगात करावा. बॅजर सावकाश बोलतो, खार भरभर बोलते, एवढं पुरतं.

रानवाट

शाईची दौत, आवाजाचं हे मला सुचलंच नव्हतं आणि शंभर टक्के पटलं.

मधला कप्पा

'रेडवॉल'चा विषय निघालाच आहे तर माझी मोठी हरकत मांडतो. त्या मालिकेत उंदीर, साळू, मोल, ऑटर, बॅजर, ससे हे चांगले, आणि घुशी, कोल्हे, मुंगसाच्या वळणाचे ते वीझल आणि फेरेट हे वाईट. जन्मानेच. क्वचित अपवाद येतो आणि मुद्द्याला फारसा धक्का लावत नाही. मुलाला आपण काय शिकवतोय? की कुळावरून माणूस ओळखावा? बोध पोचत नाही असं मी वर म्हटलं होतं, पण हा बोध नको असताना पोचेल अशी मला खरंच धास्ती वाटते.

काजवा

हरकत योग्य आहे. माझ्यापुरता मी एक फरक करतो: शिकारी आणि खलनायक. घुबड उंदीर खातं यात दुष्टपणा नाही. 'मिसेस फ्रिस्बी'तलं घुबड एरवी तिला खाईल, आणि तरी सल्ला देतं. आणि घुशी तर त्या पुस्तकात सगळ्यात विचारी. प्रयोगशाळेतून पळालेल्या, वाचायला शिकलेल्या, आणि माणसाच्या घरचं चोरून जगायचं नाही म्हणून स्वतःची शेती करायला निघालेल्या. जॉन कॅल्हून यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत (इंग्रजी आद्याक्षरांनी NIMH, म्हणजेच निम्ह) उंदीर-घुशींच्या गर्दीवर जे प्रयोग केले होते, त्यांची छाया पुस्तकाच्या नावातच आहे.

भूक लागली म्हणून मारणारा आणि मजा येते म्हणून मारणारा यांच्यात फरक करणारं पुस्तक मुलांना हवंच. निसर्गात सगळे एकमेकांचे मित्र दाखवणारं पुस्तकही मला तितकंच खोटं वाटतं.

रानवाट

मधला कप्पा, ही हरकत मी बाजूला सारणार नाही. उलट मला वाटतं या संपूर्ण प्रकारातला खरा दोष कुठे असेल तर इथेच आहे. प्राण्याला वय नसतं म्हणून तो सगळ्यांचा होतो, पण जात मात्र पहिल्या ओळीपासून असते. लेखक आळशी असला की त्या जातीवर स्वभाव चिकटवून मोकळा होतो. आम्ही 'रेडवॉल' वाचतो, आवडीने वाचतो, आणि मुलांशी यावर बोलतोही. एकदा धाकट्यानेच विचारलं की घुशीच्या बिळात वाढलेलं घुशीचं पिल्लू काय करत असेल, तेही वाईटच का? मी म्हटलं, तू सांग. मग त्याने त्या पिल्लाची गोष्ट रचायला घेतली, अजून चालू आहे. पण तरी मी म्हणेन की एका वर्षात एवढी एकच मालिका वाचू नये, शेजारी दुसरं काहीतरी असावं, जिथे घूस शहाणी आहे किंवा लांडग्याला पिल्लं आहेत.

'वॉटरशिप डाउन' मला इथे वरचढ वाटते. त्यातला सगळ्यात भयंकर प्राणी कोल्हा नाही, मांजरही नाही. तो ससाच आहे. जनरल वूंडवॉर्ट लहानपणी माणसांमुळे आई गमावतो, आणि पुढे आपल्या सगळ्या सशांना इतकं 'सुरक्षित' ठेवतो की त्यांना मोकळेपणी चरायलाही बाहेर जाता येत नाही. ही गोष्ट मुलांना क्रौर्याची वाटते. आई-बापांना ती स्वतःवर बोट ठेवणारी वाटते. काळजी करता करता मी कधी वूंडवॉर्ट होते, हे मला त्या प्रकरणानंतर विचारावंसं वाटलं, आणि मी मुलांना विचारलंही. मोठीने उदाहरणासकट सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, पण मोबाइलबद्दलचा आमच्या घरचा एक नियम त्या आठवड्यात बदलला.

बोरू

नंतर लिहितो म्हटलं होतं, पण सगळ्यांनी लिहिलंच आहे. फक्त एक प्रश्न. आमच्याकडे पाच आणि बारा वर्षांची मुलं आणि डोळ्यांना कमी दिसणारी आई. तिघांनाही एकत्र बसवायचंय. सुरुवात कुठून करू? सगळी नावं मोठाल्या पुस्तकांची आली आहेत. मुलांना इंग्रजी समजतं, आई मराठीतच ऐकेल.

रानवाट

बोरू, 'शार्लट्स वेब'पासून. प्रकरणं छोटी आहेत, धाकट्याला एका बैठकीत झेपतात. आईंसाठी तुम्ही आधी प्रकरण चाळून ठेवा आणि वाचता वाचता मराठीतच सांगत जा. वाक्यं साधी आहेत, जमतं. अवघड वाटलं तर बारा वर्षांच्या मुलाला एकाआड एक प्रकरण द्या, ती मुलं हे काम फार जबाबदारीने करतात. आजीला सांगायचं म्हटल्यावर तर जास्तच. त्यानंतर 'मिसेस फ्रिस्बी'. 'वॉटरशिप डाउन' मात्र धाकटा नऊ-दहाचा होईपर्यंत थांबवा, त्यात रक्त बरंच आहे आणि ते वगळून वाचण्यात अर्थ नाही. पंचतंत्रातलं दुसरं तंत्र मधेअधे कधीही, आईंना ते येतही असेल, त्यांनाच सांगू द्या.

एक सूचना. 'शार्लट्स वेब' पहिल्या ओळीपासूनच अंगावर येतं. बाबा कुऱ्हाड घेऊन निघालेत आणि कुठे निघालेत हे मुलगी विचारतेय. डुकराचं अशक्त पिल्लू मारायला निघालेले असतात. पहिलं प्रकरण अर्ध्यात थांबवू नका, पिल्लाचा जीव वाचतो इथपर्यंत एका दमात जा.